पुरात रेंज गेली, तर बोटीवरचा माणूस कुणाशी बोलणार?

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)

[००:००] विषय काय आहे?

आज जरा तांत्रिक विषय आहे, पण बीटेकची डिग्री लागणार नाही, काळजी नको. प्रश्न साधा आहे. संकट आलं की आपण फोन काढतो आणि ११२ लावतो, नाहीतर १०८ लावतो. आपला फोन लागला, समोरच्यानं उचलला. पण त्यानंतर जे लोक मदतीला निघतात, म्हणजे पोलीस, अग्निशमनवाले, ॲम्ब्युलन्सचा डॉक्टर, बोट चालवणारा जवान, ते एकमेकांशी कशावर बोलतात? आणि त्याच वेळी आख्खं गाव फोनवर असेल, तर त्यांना रेंज कोण देणार?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, भंडाऱ्याचा आहे. म्हणून हा विषय दिल्ली-मुंबईच्या नजरेनं न बघता आपल्या वैनगंगेच्या काठावरून बघूया.

[०१:१०] भंडाराच का?

आपला जिल्हा सात तालुक्यांचा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांच्या आसपास. तलावांचा जिल्हा, धानाचा जिल्हा. मोठं महानगर नाही. पण गेल्या काही वर्षांत काय काय झालं ते आठवा.

ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशात जोरदार पाऊस झाला, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं आणि वैनगंगा फुगली. भंडारा शहरातल्या वस्त्यांत पाणी शिरलं, नदीकाठच्या गावांचा संपर्क तुटला. खाली गोसेखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले आणि तेच पाणी पुढे चंद्रपूर-गडचिरोलीत गेलं.

चार महिन्यांनी, ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर, जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. १७ बाळांपैकी ७ वाचली, १० गेली. आणि २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला, त्यात किमान ८ कामगार गेले.

या घटना रेडिओ कमी पडल्यामुळे घडल्या असं मी अजिबात म्हणत नाही. प्रत्येकीची कारणं वेगळी आहेत. माझा मुद्दा एवढाच की पूर, आग आणि स्फोट हे तिन्ही पाच वर्षांच्या आत एकाच छोट्या जिल्ह्यात झालं. अशा प्रत्येक वेळी वेगवेगळ्या खात्यांची माणसं एका जागी येतात. पोलीस, नगरपरिषदेची अग्निशमन गाडी, १०८, महसूलचे तहसीलदार आणि तलाठी, नागपूरहून येणारं राज्य आपत्ती प्रतिसाद दल, आणि बहुतेक वेळा सगळ्यांच्या आधी पोचलेले गावातले ढिवर बांधव, स्वतःचे डोंगे घेऊन. या सगळ्यांना जोडणारी एक तार कुठे आहे?

[०३:००] वॉकीटॉकी वाईट नाही

पोलिसांकडे वायरलेस आहे. त्याला जुनाट म्हणून हसू नका. बटण दाबा, बोला, सोडा. नंबर लावायचा नाही, रिंग वाजायची वाट बघायची नाही, एक बोलला की दहा ऐकतात. जवळ असतील तर दोन सेट टॉवरशिवाय थेट बोलतात. बॅटरी चालते, पावसात टिकतो.

पण तो फक्त आवाज नेतो. त्याचा चॅनल अगदी अरुंद असतो, साधारण १२.५ किलोहर्ट्झचा. ४जीचा एक वाहक १० मेगाहर्ट्झचा धरला तर तो आठशे पट रुंद. पायवाट आणि हायवे यांच्यात जो फरक, तोच इथे आहे. पायवाटेवरून माणूस जातो, ट्रक जात नाही. म्हणजे कुठली बोट नेमकी कुठे आहे हे नकाशावर दिसणं, ड्रोनचा थेट व्हिडिओ, रुग्णाचा ईसीजी डॉक्टरपर्यंत पोचणं, कारखान्याच्या इमारतीचा आराखडा आत शिरणाऱ्या जवानाच्या हातात असणं, हे त्यावर होत नाही. आणि एका खात्याचा सेट दुसऱ्या खात्याशी बोलेलच असंही नाही.

मग आज आपल्याकडे खाती एकमेकांशी कशी बोलतात? खरं सांगायचं तर व्हॉट्सॲप ग्रुपवर. पोलिसांच्या ११२ च्या गाडीत जो स्क्रीन बसवलाय, घटनेचं ठिकाण दाखवणारा, तोही मोबाईल डेटावरच चालतो. रोजच्या दिवशी हे मस्त चालतं. अडचण त्या एका दिवसाची आहे.

[०४:३०] त्या एका दिवशी काय होतं?

दोन गोष्टी होतात. पहिली, गर्दी. पूर आला की प्रत्येक घर फोनवर. मुलगा पुण्याहून आईला लावतोय, आई बहिणीला लावतेय, कुणी पुलावरून व्हिडिओ टाकतंय. टॉवरची क्षमता ठरलेली, तो कुणाचा कॉल महत्त्वाचा हे आपणहून ओळखत नाही. बोटीवरच्या जवानाचा कॉल आणि तुमची रील, दोघं एकाच रांगेत.

दुसरी, लाईट. पुरात वीजपुरवठा बंद करावाच लागतो. टॉवरला बॅटरी असते, काही ठिकाणी जनरेटर असतो. बॅटरी उतरली आणि डिझेल घेऊन जाणारा माणूस पुलाच्या पलीकडे अडकला, की टॉवर गप्प. कारध्याचा लहान पूल पाण्याखाली जातो हे आपल्याला नवीन नाही.

[०५:२०] यावर तंत्रज्ञानात उत्तर आहे

गर्दीवरचा उपाय एसटीच्या भाषेत सांगतो. एक असतं प्राधान्य: रांगेत तुम्हाला पुढे घेतलं. दुसरं असतं जागा रिकामी करून घेणं: गाडी गच्च भरली असेल तर कंडक्टर एकाला उठवतो आणि तुम्हाला बसवतो. ४जी आणि ५जीमध्ये या दोन्ही सोयी मानकातच आहेत. ठरावीक सिमकार्डांना नेटवर्क आधी वाट देतं, गरज पडली तर दुसऱ्याचा डेटा थांबवून देतं. नवीन टॉवर उभारायचा नाही, सेटिंग करायचं आणि करार करायचा.

दुसरं, मोबाईलवरच वॉकीटॉकी. २०१६ मध्ये थ्रीजीपीपी या जागतिक मानक संस्थेनं ४जीवर ‘दाबा आणि बोला’ सेवेचं मानक आणलं. पोलीस, अग्निशमन आणि १०८ यांचा एकत्र गट एका मिनिटात बनतो. त्याच टप्प्यात आणखी एक सोय आली: टॉवरचा मुख्य नेटवर्कशी संबंध तुटला तरी तो आपल्या परिसरातल्या बचाव पथकांना आपसांत बोलू देऊ शकतो. आणि गाडीवर बसवलेला फिरता टॉवर असतो, तो पुराच्या काठावर नेऊन उभा करता येतो.

[०६:३०] बाहेर काय झालं?

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ ला पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून इमारतीची अवस्था दिसत होती, पण तो इशारा आत जिने चढणाऱ्या अग्निशमन जवानांपर्यंत नीट पोचला नाही. त्या दिवशी ३४३ अग्निशमन जवान गेले. त्यावर कायदा व्हायला २०१२ उजाडलं. ‘फर्स्टनेट’ उभं राहिलं: सरकारनं २० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम आणि सुमारे ७ अब्ज डॉलर दिले, आणि २०१७ मध्ये एटी अँड टी कंपनीशी २५ वर्षांचा करार केला. गंमत बघा, स्पेक्ट्रम बचाव पथकांचा, पण ते वापरत नसतील तेव्हा कंपनी तो आपल्या ग्राहकांना देते. संकट आलं की ग्राहक बाजूला. त्यातूनच खर्च निघतो.

दक्षिण कोरियात २०१४ ला सेवोल बोट बुडाली, ३०४ जण गेले. त्यानंतर रखडलेल्या योजनेला वेग आला आणि २०२१ मध्ये त्यांचं देशभराचं नेटवर्क पूर्ण झालं. ब्रिटननं मात्र २०१५ मध्ये नव्या नेटवर्कचे करार केले, ते इतकं रखडलं की जुनं एअरवेव्ह अजून सोडता आलेलं नाही. पैसा असूनही! म्हणून नवं पक्कं होईपर्यंत जुना वायरलेस भंगारात काढू नये.

[०७:४५] आणि भारतात?

जून २०१८ मध्ये ट्रायनं शिफारशी दिल्या. देशभर एक ब्रॉडबँड नेटवर्क असावं, ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात त्यासाठी स्पेक्ट्रम राखावा, आणि रचना मिश्र असावी. मिश्र म्हणजे महानगरं, सीमेवरचे जिल्हे, आपत्तीप्रवण आणि संवेदनशील भाग इथे सरकारचं स्वतंत्र नेटवर्क, बाकी ठिकाणी कंपन्यांच्याच टॉवरवरून सेवा.

आता आपला प्रश्न इथे आहे. भंडारा महानगर नाही. देशाच्या सीमेवर नाही. ‘आपत्तीप्रवण’ म्हणून गणला गेला तरच स्वतंत्र नेटवर्क, नाहीतर आपण ‘बाकी ठिकाणी’ मध्ये. आणि ‘बाकी ठिकाणी’ असलो तर सगळा खेळ दोनच गोष्टींवर येतो: प्राधान्य आणि बॅटरी.

प्राधान्यासाठी कायद्याचं दार उघडलंय. दूरसंचार कायदा २०२३ चं कलम २० सांगतं की आणीबाणीत बचावकार्यासाठी अधिकृत केलेल्या लोकांचे संदेश प्राधान्यानं पोचवण्याची व्यवस्था केंद्र किंवा राज्य सरकार करू शकतं. हे कलम जून २०२४ पासून लागू आहे. तंत्र देशी हवं असेल तर तेही आहे: बीएसएनएलचं ४जी सी-डॉट, तेजस आणि टीसीएस यांनी मिळून उभारलंय.

[०९:००] पैसा कुठून?

पैसा अजिबात नाही असं नाही, तो विखुरलेला आहे. ११२ ची यंत्रणा देशभर उभी करायला निर्भया निधीतून ३२१ कोटींच्या वर मंजूर झाले. अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणाला केंद्रानं २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजना आणली. पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांच्या आपत्ती निधीतला १० टक्के वाटा तयारी आणि क्षमतावाढीसाठी ठेवला. ग्रामीण दूरसंचारासाठी डिजिटल भारत निधी आहे, जो आपल्याच मोबाईल कंपन्यांच्या उत्पन्नातून भरतो. आणि जिल्ह्यात जिल्हा नियोजन समिती आहेच.

पण बघा, पोलिसांचा पैसा पोलिसांच्या सेटवर जातो, अग्निशमनचा गाडीवर, दूरसंचारचा टॉवरवर. मधली तार कुणाच्याच बजेटमध्ये बसत नाही. शिवाय वस्तू घ्यायला पैसा लवकर मिळतो, ती चालू ठेवायला मिळत नाही. पाच वर्षांनी बॅटरी बदलायची, दर महिन्याला सिमचं बिल भरायचं, दरवर्षी सराव घ्यायचा. यात उद्घाटनाची फीत नसते. नेटवर्क बंद पडतं ते इथे.

काही जण म्हणतील, वर्षातून चार दिवसांसाठी एवढा खर्च कशाला? म्हणूनच मी भंडाऱ्यासाठी वेगळे टॉवर मागत नाहीये. आहे त्याच टॉवरांवर ते चार दिवस बचाव पथकांचा हक्क राहावा, एवढंच मागणं आहे. आणि हाच टॉवर दणकट केला तर उरलेले ३६१ दिवस तो गावाच्याच कामाला येतो.

[१०:१५] माझ्या मते आधी काय करावं?

एक. वैनगंगेकाठच्या पूरप्रवण गावांना रेंज देणारे टॉवर कोणते, त्यांची यादी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं करावी. लाईट गेल्यावर प्रत्येक टॉवर किती तास चालतो, हे पावसाळ्याआधी प्रत्यक्ष लाईट बंद करून मोजावं. त्यातल्या सगळ्यात कमजोर टॉवरांना आधी बॅटरी आणि सौर पॅनेल.

दोन. सगळ्या खात्यांना मिळून काहीशे प्राधान्य सिमकार्डं आणि एकच ‘दाबा आणि बोला’ गट. त्यात पोलीस पाटील आणि डोंगा चालवणारे प्रशिक्षित स्थानिक यांनाही सामील करावं. सगळ्यात आधी पोचणारा माणूस यादीबाहेर राहिला, तर यंत्रणा अर्धीच.

तीन. नागपूर विभागासाठी एक फिरता टॉवर. प्रत्येक जिल्ह्यानं वेगळा घ्यायची गरज नाही, वाटून घ्या.

चार. प्रत्येक खरेदीच्या कागदावर पाच वर्षांच्या देखभालीचा पैसा लिहिलेला असल्याशिवाय मंजुरी नको.

यातलं पहिलं काम करायला दिल्लीची वाट बघावी लागत नाही. आणि त्यात तुमचा-माझाही हातभार लागू शकतो. पुढच्या वेळी गावात लाईट गेली की घड्याळ बघा. मोबाईलची रेंज किती वेळ टिकते, कुठल्या कंपनीची आधी जाते, ते लिहून ठेवा. चार-पाच वेळा लिहिलंत की तो कागद घेऊन ग्रामसभेत उभे राहा, सरपंचांना म्हणा, हे तहसीलला पाठवा. ‘रेंज नसते’ ही तक्रार सगळेच करतात. ‘लाईट गेल्यावर आमचा टॉवर दोन तासांत बंद पडतो आणि आमचं गाव पूररेषेत आहे’ असं तारीख-वेळेसकट लिहून दिलं, तर साहेबांना ते बाजूला ठेवणं जड जातं.

पूररेषेतल्या गावातून ऐकत असाल तर तुमच्या टॉवरचे तास नक्की कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत काळजी घ्या. आणि पुलावर पाणी असेल तर व्हिडिओ काढायला जाऊ नका, ती लाईन कुणाच्या तरी बोटीला लागणार आहे. भेटूया!