ब्रेक नसलेली गाडी

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात १ ऑक्टोबर रोजी ज्येष्ठ नागरिक दिनानिमित्त केलेले भाषण)



मला इथे बोलायला उभं केलं म्हणजे थकबाकीची यादी वाचणार, अशी काहींना धास्ती वाटली असेल. नऊ वर्षं खजिनदार होतो, त्याचा हा परिणाम. पण आज यादी आणलेली नाही. सेक्रेटरींनी विषय दिलाय ‘माझा अमेरिका प्रवास’. आता आपल्या सोसायटीतून नायगारा किती जणांनी बघितला आणि बाकीच्यांना फोटोतून किती वेळा दाखवला, हे मोजायला बसलो तर रात्र होईल. म्हणून मी सहा महिन्यांतल्या फक्त तीन तासांविषयी बोलतो. हे तीन तास मी दोन चाकांवर उभा होतो.

२०१८ च्या मे महिन्यात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. तेव्हा आम्ही मुलीकडे व्हर्जिनियात होतो. तिथून वॉशिंग्टनला मेट्रो जाते. मुलीने आम्हा दोघांना भेट म्हणून सेगवेवरून शहर दाखवणाऱ्या सहलीची तिकिटं काढली. सेगवे म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन चाकं शेजारी शेजारी, मध्ये पाटासारखी फळी, त्यावर आपण उभं राहायचं आणि समोर छातीपर्यंत येणारा दांडा. बॅटरीवर चालते. सीट नाही, अॅक्सिलरेटर नाही आणि ब्रेकही नाही. पुढे झुकलं की गाडी पुढे जाते, मागे झुकलं की हळू होते आणि थांबते. वेग ताशी वीस किलोमीटरपर्यंत. पुढे गाइड आणि त्याच्या मागे बदकाच्या पिलांसारखी आपली रांग.

ऑफिसात गेल्यावर एक फॉर्म भरून घेतला. काही झालं तर जबाबदारी माझी, असा दोन पानी बारीक मजकूर. मी बँकेतला माणूस. चष्मा लावून तो अथपासून इतिपर्यंत वाचला. काउंटरवरची मुलगी म्हणाली की हा कागद पूर्ण वाचणारे तुम्ही पहिलेच. त्यातच दुसऱ्या पानावर ती ओळ होती. चालवणाऱ्याचं वजन किमान शंभर पौंड पाहिजे, म्हणजे ४५ किलो. मी हिच्याकडे बघितलं. हिचं वजन ४३.

काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, दोन किलोचाच प्रश्न आहे, हातात पर्स देऊ. ती हसली, पण नियम सोडला नाही. गाइडने कारण समजावून सांगितलं. गाडीच्या पोटात जायरोस्कोप आहेत, एका सेकंदात शंभर वेळा ते तुमचा तोल तपासतात. पण थांबवायची झाली तर शरीर मागे न्यायचं, आणि अंगात तेवढं वजनच नसेल तर माणूस मागे झुकलाय हे गाडीला नीट कळत नाही. ती थांबत नाही. हे मी हिला मराठीत सांगितलं. ही म्हणाली, “चाळीस वर्षं मी मागे ओढतेय ते तुम्हाला कळलं नाही, गाडीला काय कळणार?”

मुलगी हसली, मीही हसलो. पण ते पुढचे तीन तास डोक्यात राहिलं. माझ्या नोकरीत बदल्या झाल्या त्या तुम्हाला माहीतच आहेत. भंडारा, सांगली, रत्नागिरी. प्रत्येक वेळी प्रमोशन घेऊन मी पुढे गेलो आणि ही दोन मुलं, माझी आई आणि आईचा दमा सांभाळत मागे राहिली. आणि आता भेट दोघांची, तर इथेही तेच. ऐन वेळी रद्द केलं तर पैसे परत मिळणार नव्हते. “तुम्ही जा,” ही म्हणाली, “फुकट कशाला घालवायचे?” मी लगेच गेलो. दोन वेळा नको म्हणायला हवं होतं, एकदाही म्हटलं नाही. ही आणि नात पायी निघाल्या. व्हिएतनाम युद्धाच्या स्मारकापाशी भेटायचं ठरलं.

मागच्या बोळात अर्धा तास शिकवणी झाली. किल्लीच्या गोल तबकडीवर कासवाचं चित्र येतं. ते आहे तोवर गाडी हळूच चालते. गाइड पोरगेलासा होता, कॉलेजात शिकणारा. त्याने एकच गोष्ट दहा वेळा सांगितली, खाली चाकाकडे बघू नका, समोर बघा. त्याचं कारण मला थोड्याच वेळात कळलं. माणूस घाबरला की काय करतो? समोरचा दांडा घट्ट धरून त्याच्यावर ओणवा होतो. आणि ओणवा झालात की गाडीला वाटतं, साहेबांना घाई आहे! भीती वाटली म्हणून वेग वाढतो, वेग वाढला म्हणून भीती आणखी वाढते. फार जोरात गेलात तर दांडाच आपल्याला मागे ढकलतो, थरथरतो. गाडी आपल्याला सांगत असते, पण घाबरलेला माणूस ऐकतो कुठे!

मी पडलो. चौथ्या की पाचव्या चौकात, फूटपाथच्या उतारावर डावं चाक कडेला लागलं आणि मी आडवा. हेल्मेट होतं, डोकं वाचलं. कोपर सोलवटलं. रांगेतले आठही जण थांबले. त्यांच्यात एक सतरा वर्षांचा मुलगा होता, तो बिचारा माझा चष्मा शोधून घेऊन आला. गाइडने पट्टी लावली आणि विचारलं, टॅक्सी बोलावू की पुढे येता? वय ६७. मला खरं म्हणजे टॅक्सी हवी होती. पण पैसे भरलेले होते. तुम्हाला हसू येईल, पण खरंच तोच विचार आला. त्याने मला रांगेत थेट आपल्या मागे घेतलं आणि मी पुन्हा चढलो.

त्यानंतर मात्र शहर दिसायला लागलं. ते शहर चालत बघायला मोठं आहे. संसदेच्या घुमटापासून लिंकनच्या स्मारकापर्यंतच तीन किलोमीटर भरतात. बसमधून सगळं भरकन मागे जातं. या गाडीवर माणूस फळीच्या उंचीमुळे सगळ्यांपेक्षा वीतभर उंच असतो, आवाज नाही, धूर नाही, आणि वाटेल तिथे थांबता येतं. गाइड व्हाइट हाउसविषयी सांगत होता आणि मी खिशातून नोटा काढून बघत होतो. वीस डॉलरच्या नोटेमागे व्हाइट हाउस आहे. त्याच्या शेजारी त्यांच्या अर्थखात्याची इमारत, ती दहाच्या नोटेमागे. लिंकनचं स्मारक पाचच्या नोटेमागे. बाकीचे फोटो काढत होते, मी नोट धरून खांब जुळवत होतो. सवय, दुसरं काय.

वॉशिंग्टनच्या स्मारकाचा तो ५५५ फुटी दगडी सुळका तुम्ही चित्रात पाहिला असेल. जवळून पाहिलं तर कळतं की खालचे साधारण दीडशे फूट एका रंगाचे आणि वरचे वेगळ्या. १८४८ साली काम सुरू झालं, १८५४ मध्ये निधी संपला. मग यादवी युद्ध झालं. १८७९ मध्ये पुन्हा सुरू केलं तेव्हा त्याच जातीचा संगमरवर मिळेना. निधीअभावी काम थांबलं की सांधा कायमचा दिसतो. हे मी खजिनदार म्हणून बघितलं आणि मला आपली दोन रंगांची कंपाउंडची भिंत आठवली.

स्मारकांच्या आत गाडी नेऊ देत नाहीत. बाहेर लावायची आणि चालत जायचं. व्हिएतनामच्या भिंतीपाशी ही उभी होती. ती भिंत म्हणजे जमिनीत उतरत गेलेला काळा, आरशासारखा दगड, आणि त्यावर युद्धात गेलेल्यांची ५८ हजारांहून जास्त नावं. अकारविल्हे नाहीत, हुद्द्याप्रमाणेही नाहीत, ज्या क्रमाने माणसं गेली त्या क्रमाने. १९८२ मध्ये ही भिंत उभी राहिली आणि आराखडा काढला तेव्हा माया लिन ही विद्यार्थिनी अवघी २१ वर्षांची होती. गाइडने सांगितलं की हा दगड भारतातला आहे, बंगळूरकडचा. मी ते हिला सांगितलं. हिने दगडावर हात ठेवला. नावांच्या मध्ये तिचा चेहरा दिसत होता, माझाही. पायाशी कुणीतरी पत्र आणि फुलं ठेवली होती. “यांच्या आया आता म्हाताऱ्या झाल्या असतील,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “पडलात ना?”

मी नाही म्हटलं. शर्टाची बाही मी मुद्दाम खाली केली होती, पण रक्त वर आलं होतं.

मला तिथेच थांबायचं होतं, तिच्याबरोबर. पण माझी गाडी कोण नेणार? गाइडला दोन दोन चालवता येणार नव्हत्या. तेव्हा मी परत चढलो. ही झाडाखाली उभी राहून हात हलवत होती. मी मागे वळून बघितलं नाही, कारण चौकात काय झालं होतं ते ताजं होतं.

या गाडीची पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. डीन केमन नावाच्या संशोधकाने ती डिसेंबर २००१ मध्ये जगासमोर आणली. त्याने आधी जिने चढणारी चाकांची खुर्ची बनवली होती, त्यातूनच ही निघाली. किंमत पाच हजार डॉलरच्या आसपास, म्हणून घराघरात ती कधी गेली नाही. पोलीस, गोदामं आणि आमच्यासारखे प्रवासी यांच्यापुरती राहिली. २०१० मध्ये कंपनीचे तेव्हाचे मालक जिमी हेसेल्डन इंग्लंडमध्ये सेगवे चालवताना कड्यावरून कोसळून गेले. प्राग शहराने २०१६ मध्ये जुन्या भागात या गाड्यांना बंदीच घातली, कारण चालणाऱ्यांना फूटपाथ उरेना. आणि २०२० मध्ये कारखान्याने ती बनवणंच बंद केलं. जवळपास वीस वर्षांत एक लाख चाळीस हजारांच्या घरात गाड्या गेल्या. मला आपला उगीचच अभिमान वाटतो की त्यातल्या एकीवरून मी पडलोय.

आता शेवटचं. लग्नानंतर १९७८ च्या मे महिन्यात आम्ही माथेरानला गेलो होतो. नेरळहून छोट्या गाडीने. स्टेशनबाहेर हातरिक्षा उभ्या होत्या. माणसाने ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही, असं ही ठाम म्हणाली आणि आम्ही चालत निघालो. तो रिक्षावाला मागून म्हणाला, “ताई, तुम्ही बसला नाहीत तर माझी चूल कशी पेटायची?” ही थांबली, त्याला पाच रुपये देऊ लागली. त्याने घेतले नाहीत.

या वर्षी जानेवारीत पुन्हा गेलो. हिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, चालणं कमीच. तिथे २०२२ च्या डिसेंबरपासून ई-रिक्षा प्रायोगिक म्हणून सुरू झाल्या आहेत. दस्तुरी नाक्यावर टॅक्सीतून उतरलो आणि ई-रिक्षात बसलो. आवाज नाही, धूर नाही, मला वॉशिंग्टनच आठवलं. इथे हिच्या वजनाविषयी कुणी विचारलं नाही. बाजूला हातरिक्षावाले उभे होते आणि आमच्याकडे बघत होते. ही त्यांच्याकडे बघत राहिली. गाडी वळणावर गेली तेव्हा म्हणाली, “तो असेल का हो अजून?” मी हिशेब केला. असला तर माझ्याच वयाचा. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्याने द्या. पेपरातली ती बातमी हिने कापून डब्यात ठेवली आहे, किराणाच्या बिलांबरोबर.

माथेरानहून आम्ही घरी आलो. टॅक्सी थेट बी विंगपाशी थांबली. तिथे चार पायऱ्या आहेत. हिला त्या चढायला माझा खांदा आणि वॉचमनचा हात लागतो. २०१४ च्या वार्षिक सभेत तिथे रॅम्प करायचा ठराव आला होता. कित्येकांना आठवत असेल, निधी नाही म्हणून तो मी पुढे ढकलला. इतिवृत्तात माझी सही आहे, मी परवा काढून बघितली. तेव्हा ज्यांनी तो ठराव मांडला होता ते काका आता नाहीत. त्यांच्या घरच्यांची मी आज सगळ्यांसमोर माफी मागतो.

तीन कोटेशनं आणली आहेत, चहाच्या टेबलाशेजारी फाइलमध्ये आहेत. सगळ्यात कमी रकमेच्या कोटेशनमध्ये कठडा धरलेला नाही, तेवढं बघून घ्या. आणि हिचं वजन सांगायचं नाही असं हिने निघताना दोनदा बजावलं होतं. तिसऱ्या रांगेतून ती माझ्याकडे कशी बघते आहे, ते तुम्हाला दिसत नाही, मला दिसतंय.