प्लॉट घ्यावा की भाड्याने देता येईल असा फ्लॅट?

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या पलटणीतल्या एका सुभेदाराचा फोन आला. "साहेब, पेन्शन विकून आणि ग्रॅच्युइटी धरून बावीस लाख हातात येतायत. गावाजवळ तीन गुंठे मिळतायत. घेऊ का?" धाकटी मुलगी अकरावीत आहे आणि दुसरी नोकरी अजून लागलेली नाही, हे त्याने फोन ठेवता ठेवता सांगितलं. आज मी त्यालाच सांगतोय असं समजा.

मी दोन्ही करून बसलोय. 1996 मध्ये महूला पोस्टिंग असताना इंदूरच्या वेशीवर पंधराशे चौरस फुटांचा प्लॉट घेतला, 1 लाख 35 हजारांना. पुढे पूर्वेकडे बदली झाली आणि अकरा वर्षं तिकडे फिरकलो नाही. गेलो तर शेजाऱ्याची भिंत दोन फूट आत! कागद चोख होते, तरी मोजणी, तहसील कचेरी आणि तारखा यांत चार वर्षं गेली. आयुष्यभर सीमेवर पहारा दिलेल्या माणसाची स्वतःची सीमा कुणीतरी सरकवली, यावर आमच्या मेसमध्ये बरेच दिवस हसत होते. शेवटी 2014 मध्ये तो साधारण वीसपट भावाने विकला. म्हणजे जमिनीने कमाई दिली, पण अठरा वर्षांत दर महिन्याला एक रुपयाही दिला नाही.

फ्लॅट पुण्यात, वानवडीला. 2003 मध्ये 14 लाखांना घेतला. आज भाडं 24 हजार, म्हणजे वर्षाला 2 लाख 88 हजार. आता खर्च धरा. सोसायटीचा मेंटेनन्स 42 हजार, मालमत्ता कर 15 हजार, भाडेकरू बदलताना एक महिना रिकामा म्हणून 24 हजार, रंग-प्लंबर 25 हजार. उरले 1 लाख 82 हजार. आजची किंमत 75 लाख धरली तर अडीच टक्केही पडत नाहीत. बँकेतली ठेव याहून जास्त देते. एजंट हे सांगत नाही, तो फक्त भाड्याचा आकडा सांगतो. हां, मालमत्ता कर वजा केल्यावर उरलेल्या भाड्यातून 30 टक्के सरसकट वजावट आयकरात मिळते, आणि भाडं हळूहळू वाढतं.

मग सुभेदाराला काय सांगितलं? आधी सातबारा मागवला. जे मला वाटलं तेच निघालं: शेतजमीन, बिगरशेती झालेली नाही, आणि एकाच सातबाऱ्यावर चौदा नावं. "तीन गुंठे तुमचे" असं विकणारा म्हणतो. पण त्यातले नेमके कोणते तीन, हे कागद सांगत नाही. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि अशा तुकड्यांवर बांधकामाला परवानगी आणि कर्ज मिळणं कठीण. तुम्ही बडोद्याला असा की बेंगळुरूला, तिथला कायदा वेगळा असेल. पण मूळ कागद स्वतः काढा, दलालाने दाखवलेली झेरॉक्स चालणार नाही.

दुसरं म्हणजे, विकलेली पेन्शन पंधरा वर्षांनी पूर्ववत होते. तोवर त्याच्या घरात दर महिन्याला कमीच पैसे येणार. ज्याला महिन्याची ओढाताण आहे त्याने सगळी रक्कम जमिनीत पुरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलीच्या शिक्षणाचे आणि वर्षभराच्या खर्चाचे बाजूला काढ, उरलेल्यात तालुक्याच्या गावी कॉलेजजवळ एक वन बीएचके बघ, रेरा नोंदणी आणि भोगवटा प्रमाणपत्र तपासून, असं त्याला म्हटलं. जमीन घ्यायचीच असेल तर नोकरी लागल्यावर, बिगरशेती आणि मंजूर लेआउटमधली.

त्याच्या बायकोला अजून जमीनच हवी आहे. "फ्लॅटला काय माती असते का?" असं ती फोनवर मला म्हणाली, आणि मला चटकन उत्तर सुचलं नाही. येत्या रविवारी आम्ही तिघं एक फ्लॅट आणि एक बिगरशेती प्लॉट, दोन्ही बघायला जातोय. मोजायची टेप मी बॅगेत टाकून ठेवलीय.