मुळशीचे काजवे आणि पेशीतला उजेड

मे संपता संपता मुळशी-ताम्हिणीच्या झाडांवर काजवे लखलखू लागतात. हा उजेड घडवतं ल्युसिफरेज नावाचं प्रथिन. १९८५ मध्ये अमेरिकी काजव्यातलं त्याचं जनुक वेगळं काढलं गेलं आणि पेशीतल्या घडामोडी प्रकाशातून वाचता येऊ लागल्या.

पण काजव्याचं ल्युसिफरेज पेशीतच राहतं. पेशी बाहेर काय सोडते, हे कळायला कामी आला गॉसिया हा चिमुकला समुद्री जीव. त्याचं प्रकाशप्रथिन पेशी आपणहून बाहेर टाकते!

इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत शास्त्रज्ञांनी ते प्रोइन्सुलिनच्या, म्हणजे ज्यापासून इन्सुलिन तयार होतं त्या प्रथिनाच्या, मधल्या तुकड्यात, सी-पेप्टाइडमध्ये बसवलं. आता इन्सुलिनसोबत तेही सुटतं. पेशींभोवतालच्या द्रवाचा थेंब घ्यायचा, त्यात सीलेंटेराझिन हे उजेडासाठी लागणारं रसायन घालायचं, प्रकाश मोजायचा. पेशी माराव्या लागत नाहीत. म्हणून त्याच पेशी पुन्हा पुन्हा तपासता येतात. मधुमेहावरची औषधं पारखायला ही फार मोलाची सोय आहे.