इंजिन सांध्यावरच का अडतं?

मॉडेल रेल्वेचं इंजिन सांध्यावर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, अडखळलं की दोष बहुधा मोटारीला दिला जातो. पण तेच इंजिन सरळ रुळावर सुरळीत धावत असेल, तर खोट बऱ्याचदा वीज पोचण्यात असते. रूळ जोडणाऱ्या फिशप्लेट रूळ एका रेषेत धरतात. वीज वाहण्याचं काम कायमचं त्यांच्यावर सोपवणं चूक. त्या सैल होतात, त्यांच्यावर ऑक्साइडचा थर चढतो. म्हणून प्रत्येक रुळाला खालून स्वतंत्र वायर सोल्डर करावी. 'मीटर तर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो,' असा आक्षेप येतो. दाखवणारच, कारण मीटर जवळजवळ प्रवाहच ओढत नाही. रुळांना १२ व्होल्टचा बल्ब जोडून मग मोजा. खराब जोड लगेच उघडा पडतो.

सांध्यात रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, म्हणजे फ्रॉग, जास्त नाजूक. प्लास्टिकचा फ्रॉग जोडायला सोपा, पण लहान इंजिनाची वीज तिथे क्षणभर तुटते. धातूच्या फ्रॉगला सांध्याबरोबर बदलणारा स्विच लागतो आणि फ्रॉगपासून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांच्या टोकांना प्लास्टिकचे जोड लागतात, नाहीतर शॉर्टसर्किट होऊ शकतं. खटाटोप आहे खरा. तरी संथ, अखंड धाव हवी असेल तर धातूचाच फ्रॉग घ्यावा. आणि ही सगळी वायरिंग रुळांवर खडी चिकटवण्याआधीच तपासून घ्या.