भिजलेला कॅमेरा: आधी बॅटरी काढा

जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला पुराने वेढलं, तेव्हा हवाई दलाची मदत मागवावी लागली होती. अशा पावसात फोटोवाल्याचा कॅमेरा भिजला तर काय करावं?

सगळ्यात आधी, तो चालू होतो का हे पाहण्याचा मोह आवरा. ओल्या सर्किटमधून वीज गेली की शॉर्ट होतो आणि धातूच्या जोडांना झपाट्याने गंज धरतो. लगेच बॅटरी काढा, मग मेमरी कार्ड आणि लेन्स. भिजलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका. कार्डातले फोटो बहुतेकदा वाचतात. कार्ड पूर्ण सुकू द्या.

बाहेरचं पाणी सुती कापडाने टिपा. हेअर ड्रायर नको. गरम हवेने पाणी आत ढकललं जातं. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका, भुकटी आत जाते. सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा, आणि लवकरात लवकर यवतमाळ, नांदेड किंवा नागपूरच्या कारागिराकडे न्या.

कॅमेरा स्वतः उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही शेकडो व्होल्टचा भार असू शकतो. पाणी गढूळ होतं की स्वच्छ, हे कारागिराला सांगा. खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्या. वॉरंटीत सहसा पाण्याचं नुकसान धरत नाहीत. लेन्सही तपासून घ्या, कारण आत राहिलेल्या ओलीने काचेवर बुरशी चढते.