छंद आणि चरितार्थ



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला प्रथम विषय सुचविला तो ‘कला आणि जीवन’ असा भारदस्त होता. आम्ही त्यांना विनंती करून तो जरा खाली उतरवून घेतला. कला आणि जीवन यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. कला आणि वाण्याची उधारी यांवर बोलणारे फारसे कोणी नाही. आणि आम्हांला भेटणारी तरुण मंडळी विचारतात ते या उधारीबद्दलच. कुणाला मातीची भांडी घडवायची आहेत, कुणाला पुस्तकांची मुखपृष्ठे काढावयाची आहेत, कुणा बाईंच्या हातच्या पुरणपोळीची तारीफ चार गल्ल्यांत आहे. प्रश्न सर्वांचा एकच : यावर घर चालेल काय? त्यांच्या पाठोपाठ त्यांचे वडील येतात आणि हळूच विचारतात, “हे खूळ याच्या डोक्यातून काढता येईल काय?” आज आम्हांला या दोघांशीही बोलावयाचे आहे, आणि तिसऱ्या एका पक्षाशीही, ज्याचे नाव आम्ही मागाहून घेऊ.

मराठीत ‘नाद’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. तंबोऱ्यातून निघतो तोही नाद आणि पोराला लागतो तोही नादच. पहिल्याला आपण हात जोडतो, दुसऱ्याला हात उगारतो. पण आपल्या या दक्षिण महाराष्ट्रातच एक गाव असे आहे की जेथे या दोन्ही नादांनी मिळून अनेक पिढ्यांचा संसार चालविला. ते गाव म्हणजे मिरज.

मिरजेतील सतारी व तंबोरे करणारी घराणी मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे हत्यारे घडविणारा, त्यांना पाणी व धार देणारा कारागीर. एकोणिसाव्या शतकात लढाया संपल्या, तलवारी भिंतीवर गेल्या आणि या मंडळींच्या पोटावर पाय आला. अशा वेळी, १८५० च्या सुमारास, फरीदसाहेब नावाच्या कारागिराने वाद्य घडविण्याकडे आपला हात वळविला, असे मिरजेत सांगतात. कुठे तलवार आणि कुठे सतार! पण विचार केला म्हणजे ध्यानात येते की हाताचे शिक्षण तेच होते. कानस किती फिरवायची आणि कोठे थांबवायची, हे धार काढणाऱ्याला ठाऊक असते. फक्त आता परीक्षा कानाची होती.

हे काम आपणांपैकी ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एकदा अवश्य जावे. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागात पिकणारे मोठमोठे कडू भोपळे तेथे आणतात. ते महिनोन् महिने वाळवितात. मग भोपळा कापायचा, आतून साफ करायचा, त्याला तून नावाच्या लाकडाचा दांडा जोडायचा, वर नक्षी, मग रोगण. पण हे सगळे होऊनही तंबोरा मुकाच असतो. त्याला बोलते करते ती जवारी. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानशीने असा काही घासायचा की तार त्यावर नुसती टेकू नये, किंचित घसटून जावी. मग तारेखाली सुताचा धागा सरकवीत सरकवीत तो भरलेला, गुंजणारा आवाज पकडायचा. घोडी केसभर जास्त घासली गेली की आवाज बसला. हे मापाने सांगता येत नाही. म्हणूनच तंबोरा घडविणारे हात पुष्कळ असले तरी जवारी काढणारा कान थोड्यांचाच असतो.

आता मुद्दा पाहा. हा कान कारागिराला एकट्याने बसून आला नाही. मिरजेला पटवर्धन संस्थानिकांचा दरबार होता, तेथे गवयांची ये-जा होती; पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस येऊन राहिले. असा गवई दुकानात येतो, तार छेडतो, मान हलवितो आणि म्हणतो, नाही, अजून नाही. त्या ‘अजून नाही’ने मिरजेचा तंबोरा घडला. कारागिराला आपला तंबोरा कितीही गोड वाटो, घेऊन जाणाऱ्याच्या गळ्याला तो जुळला पाहिजे. छंद आणि धंदा यांतले अंतर आमच्या मते एवढेच आहे. छंदात आपले समाधान झाले की काम संपते. धंद्यात दुसऱ्याचे समाधान व्हावे लागते, आणि तेही लग्नाच्या मुहूर्ताच्या आत!

हे अंतर लहान दिसते, पण ते ओलांडताना भलेभले थकतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकलेची ओढ. वडिलांच्या मनाविरुद्ध ते मुंबईला जाऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे कळले की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. चित्रकाराच्या वाट्याला याहून क्रूर थट्टा येऊ शकेल काय? पण हात आणि नजर तर गेलेली नव्हती. त्यांनी यंत्रांची रेखाचित्रे शिकून घेतली, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत ती शिकविली, १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि मग लोखंडी नांगर केला. तो नांगर शेतकरी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, हा समज. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. ती दोन वर्षे आम्हांला किर्लोस्करवाडीच्या कारखान्याहून मोठी वाटतात. नांगर उत्तम होता, हे करणाऱ्याला पक्के ठाऊक. पण घेणाऱ्याची शंका फिटेपर्यंत थांबणे, त्याच्या बांधावर जाऊन उभे राहणे, हेही नांगर करण्याइतकेच काम आहे. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, ती पुढची गोष्ट सर्वांना ठाऊकच आहे.

त्याच किर्लोस्करवाडीला लागून कुंडल गाव आहे. कमलाबाई ओगले कुंडलच्या. शाळा चौथीपर्यंत. सुगरण म्हणून नावलौकिक असलेल्या बायका आपल्याकडे घरोघर आहेत. मग कमलाबाईंची ‘रुचिरा’ १९७० साली निघाली आणि घराघरांत गेली ती का? सुगरणीला विचारा, मीठ किती? ती म्हणते, “अंदाजाने.” घरच्या माणसांना तो अंदाज पुरतो. परंतु परगावी, नव्या संसारात, चुलीपुढे घाबरून उभ्या असलेल्या मुलीला अंदाजाचा काय उपयोग? कमलाबाईंनी तो अंदाज वाटी-चमच्यांच्या मापात बसविला. आपल्या हातातली गोष्ट परक्या हाताला जमेल अशी करून देणे, ही मोठी मेहनत आहे, आणि ती पुष्कळशी रुक्ष असते. जिला स्वयंपाकाची आवड आहे तिला मापे मोजीत बसण्याची आवड असेलच असे नाही.

वडीलमंडळी म्हणतील, तुम्ही यशस्वी झालेल्यांचीच नावे घेता. तसे नव्हे. दादासाहेब फाळक्यांनी आयुष्याचा विमा गहाण टाकला, सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. एवढे करून १९४४ साली नाशकात ते गेले तेव्हा हाती फारसे काही उरले नव्हते. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगविणारे. त्यांनी कोल्हापुरात बसून सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि तानीबाई कागलकरांनी दिलेल्या पैशाच्या बळावर कंपनी उभारली. ‘सैरंध्री’ १९२० ची. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले शिष्य बाहेर पडले आणि ‘प्रभात’ निघाली. बाबूराव पुढे रंग आणि शिल्प यांकडे परतले. कोणी याला हार म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. काही माणसांचा पिंडच असा असतो की त्यांना काम हवे असते, कंपनी नको असते. ज्याला आपला पिंड असा आहे असे वाटते त्याने खुशाल नोकरी करावी, रात्री चित्रे काढावीत आणि कोणाच्याही टोमण्याला भीक घालू नये. प्रत्येक आवडीने पोट भरलेच पाहिजे असा कायदा नाही. पण घर गहाण टाकण्यापूर्वी घरातल्यांशी बोलावे, एवढे मात्र आम्ही हात जोडून सांगू. सरस्वतीबाईंच्या दागिन्यांची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल, हे विचारायचे राहून जाते.

आता तिसरा पक्ष. तो म्हणजे आपण, या मंडपात बसलेले गिऱ्हाईक.

समजा, आपल्या आळीतली एक मुलगी दिवाळीला आकाशकंदील करते. कागद, कामट्या, खळ, दोरा धरून तिला एकशेदहा रुपये खर्च येतो. चार तास लागतात. ती दीडशे सांगते. आपण काय म्हणतो? “अगं, तू आपल्यातलीच, आणि तुला तर आवडच आहे. सव्वाशेला दे.” म्हणजे चार तासांच्या कामाचे पंधरा रुपये. गवंड्याला आपण असे म्हणत नाही, डॉक्टरांना तर नाहीच नाही. ज्याला कामात आनंद वाटतो त्याला तो आनंदच मजुरी म्हणून पोहोचला, असा एक विचित्र हिशेब आपल्या समाजात फार दिवसांचा आहे. गवयाला नारळ आणि शाल, चित्रकाराला “नाव छापू की तुमचे”, आणि कार्यक्रमाच्या मंडपवाल्याला मात्र रोख! मंडपवाल्यांवर आमचा राग नाही. आमचा रोख हिशेबावर आहे.

अर्थात त्या मुलीचेही चुकते. दीडशे हा आकडा तिने काढला कोठून? शेजारच्या दुकानातल्या छापील कंदिलावरून. आपले चार तास तिने किमतीत धरलेच नाहीत. आवडीच्या कामाचा वेळ मोजायची तिला लाज वाटते. ही लाज सोडल्याशिवाय दुकानाची पाटी रंगवू नये. आज घरबसल्या फोनवर चित्रे दाखवून माल परगावी विकता येतो, ही सोय मोठी आहे. पण फोन गिऱ्हाईक आणून देतो, भाव ठरवून देत नाही. आमचा सल्ला रोखठोक आहे. पहिल्या वर्षी एक वही घालावी, तिच्यात खर्चाशेजारी तासही लिहावेत. मागणी नोंदविताना अर्धी रक्कम आगाऊ घ्यावी, मग ती मागणी मावशीची का असेना. मावशी रागावेल, पण पुढच्या खेपेस वेळेवर पैसे देईल.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे; दुसऱ्याच्या मालावर मिरजेचे नाव लावण्याला त्याने आडकाठी होईल. परंतु घरोघरी आता विजेवरचा तंबोरा आला आहे, फोनमध्येही तंबोरा आहे. तो लावावा लागत नाही, उतरत नाही, सांभाळावा लागत नाही. शिकणाऱ्या मुलाला तो सोयीचाच आहे, आम्ही त्याला नावे ठेवीत नाही. तरी ज्यांच्या घरी आजोबांचा तंबोरा गवसणीत गुंडाळून कपाटावर पडला असेल त्यांनी तो एकदा खाली काढावा. वापरलेल्या वाद्याच्या घोडीवर तारांनी खाचा पडलेल्या असतात. तो मिरजेला न्यावा, घोडी नव्याने घासून घ्यावी, जवारी काढून घ्यावी, आणि कारागीर जी मजुरी सांगेल ती घासाघीस न करता तेथल्या तेथे द्यावी. काम चालू असताना शेजारी बसू देतात. सोबत घरातल्या पोराला न्यायला हरकत नाही.