माईक कोणापुढे धरावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला उभे केले आहे खरे, पण मी काही वक्ती नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. सभेत बोलायचे म्हटले की अजूनही हाताला घाम सुटतो. तरी अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "रेडिओच्या तीनही कार्यक्रमांत माईक घेऊन तूच फिरलीस, तेव्हा तूच सांग." म्हणून जे पाहिले ते, आणि माझ्या हातून जे चुकले तेही, आज सांगणार आहे. चुकल्याचे सांगायचे नसते तर मी उभीच राहिले नसते.

तुम्हांला ठाऊकच आहे की आपल्या भागात एक छोटे रेडिओ केंद्र आहे. दहा-पंधरा किलोमीटरपर्यंतच ऐकू येते. अशा केंद्रांना सामुदायिक रेडिओ म्हणतात. पूर्वी ती काढायची परवानगी शिक्षणसंस्थांनाच असे, २००६ पासून लोकांच्या संस्थांनाही मिळू लागली. तेलंगणातील माचनूर गावी २००८ साली दलित शेतकरी स्त्रियांनी असे केंद्र सुरू केले आणि त्याच ते चालवू लागल्या, हे मला आपल्या केंद्रातल्या निवेदिकाताईंनी सांगितले. मी म्हटले, त्या बायका केंद्र चालवतात आणि आम्हांला साधे बोलता येत नाही!

कारण आमचा पहिला कार्यक्रम पार फसला होता. डिसेंबर २०२३ मधली गोष्ट. विषय होता नळाचे पाणी. मंडळाच्या सभागृहातून तासभर थेट प्रक्षेपण, पुढे तीन पाहुणे आणि समोर आपण साठ बायका. आपण काय केले? हळदीकुंकवाला जावे तसे नटून आलो. पाहुण्यांना व्यासपीठावर खुर्च्या, टेबलावर भरतकामाचा रुमाल, फुलदाणी, आणि आपण खाली सतरंजीवर रांगा करून. पाणीखात्याचे एक अधिकारी आले होते, ते पंचवीस मिनिटे योजना सांगत होते. मग निवेदिकाताईंनी विचारले, "कुणाला काही प्रश्न आहेत का?" साठ माना खाली गेल्या. मी माईक घेऊन या रांगेतून त्या रांगेत गेले. जिच्यापुढे धरावा ती पदर तोंडाला लावून शेजारणीकडे ढकली. एकीने तर माईकमध्येच म्हटले, "अगंबाई, मला नको, हिला विचारा," आणि तेवढे मात्र सगळ्या तालुक्याने ऐकले. शेवटी आपण टाळ्या वाजवल्या. माझ्या जाऊबाई घरी रेडिओ लावून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पंख्याचा घरघराट आणि टाळ्या, एवढेच ऐकू आले. साठ जणी कशाला जमला होतात?"

मला राग आला, पण त्यांचे खोटे नव्हते. रात्री दोनला नळ येतो म्हणून जी बाई रोज उजाडेपर्यंत कुरकुरते, तीच बाई ज्याने उत्तर द्यायचे तो माणूस समोर बसलेला असताना गप्प राहिली. मीही त्यांतलीच.

इथे आमच्या आजेसासूबाईंची आठवण सांगते. त्या आता नाहीत. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला होता. पाच मराठी जिल्ह्यांतल्या १५० खेड्यांत श्रोत्यांची मंडळे केली. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, ऐकून झाल्यावर आपसांत चर्चा करायची, आणि काय ठरले, काय विचारायचे ते लिहून पुण्याला धाडायचे. मग पुढच्या कार्यक्रमांत त्यांच्या प्रश्नांना उत्तरे मिळत. मुंबईच्या टाटा संस्थेने पुढे याची पाहणी केली. जिथे नुसता रेडिओ होता त्या गावांपेक्षा जिथे ऐकून चर्चा होई त्या गावांतले लोक कितीतरी जास्त शिकले, असे तीत दिसले. आमच्या सासरच्या गावी असे मंडळ होते. आजेसासूबाई तेव्हा नव्या नवऱ्या. त्या सांगत, "पुरुष चावडीत बसायचे, आम्ही बाहेर भिंतीला टेकून. बियाण्यावर बोलणे चालले की मला आतून वाटायचे, अहो, बी निवडते कोण? मी! पण मला कोण विचारणार?" हे सांगताना त्या हसत, पण एवढ्या वर्षांनीही ते त्यांच्या मनातून गेले नव्हते.

पहिला कार्यक्रम फसल्यावर हे मी निवेदिकाताईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "काकू, चूक तुमची नाही, आमची आहे. प्रश्न आहेत का असे विचारले की कुणीच बोलत नाही." आणि दुसऱ्या खेपेला, चैत्रातल्या हळदीकुंकवाच्या दिवसांत, २०२४ साली, त्यांनी सगळेच बदलले. पाहुण्यांना खाली आमच्यात बसवले. पंखे बंद. उकाड्याने जीव गेला, पण आवाज स्वच्छ. कार्यक्रम सुरू होण्याआधी अर्धा तास त्यांनी माईक फिरवला आणि प्रत्येकीला एकच विचारले, "आज भाजी कोणती केलीत?" कुणी शेपू म्हणाली, कुणी वांगी, एक म्हणाली, "काल रात्रीचीच, सांगू नका घरी!" सगळ्या खो खो हसल्या. त्या हसण्यात माईकची भीती निम्मी गेली. आपला आवाज त्या डब्यातून कसा येतो ते प्रत्येकीने एकदा ऐकलेले असले की दुसऱ्यांदा घसा कोरडा पडत नाही.

मला त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. माईक बाईच्या हातात द्यायचा नाही, आपणच धरायचा, तोंडापासून वीतभर लांब. हातात दिला की एक तर ती तो पदरात धरते, नाही तर सोडतच नाही (नावे घेत नाही, त्या इथेच बसल्या आहेत). दुसरे म्हणजे बाई थांबली की लगेच पुढे जायचे नाही. मनात पाच आकडे मोजायचे. पुष्कळदा खरे बोलणे त्या पाचांनंतर येते.

कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्यांनी व्याख्यानाने सुरुवात केलीच नाही. म्हणाल्या, "रात्री दोनला पाणी भरायला कोण उठते? हात वर करा." आता रेडिओवर हात दिसत नाहीत, म्हणून त्यांनी मोजून मोठ्याने सांगितले, "अठ्ठावन्न जणींपैकी एक्केचाळीस." मग विचारले, "तुमच्या घरातला पुरुष उठतो, अशा किती?" तीन हात वर आले. सभागृहात एकदम शांतता झाली. पाहुण्यांपैकी डॉक्टरीणबाईंनी भाषण बाजूला ठेवून झोपेचेच विचारायला सुरुवात केली. कुणाचे डोके दुखते, कुणाला दिवसा भोवळ येते, भरलेल्या हंड्यांनी कुणाची पाठ गेली आहे. बायका बोलू लागल्या त्या थांबेनात. अधिकारीसाहेब कागदावर लिहून घेत होते. मला इतका आनंद झाला की काय सांगू! आणि त्या आनंदातच माझा तोल गेला.

आपल्यातल्या एका भगिनीने पापड लाटताना मला एक गोष्ट सांगितली होती. तिची मुलगी नववीत होती. आईच्या कमरेचे दुखणे, म्हणून रात्री पाणी मुलगी भरी. वर्गात डुलक्या घेऊ लागली, मार्क उतरले, आणि दिवाळीनंतर वडिलांनी शाळाच बंद केली. "अभ्यासात लक्ष नाही तर घरी बस," म्हणाले. हे तिने मला एकटीला सांगितले होते, हलक्या आवाजात. त्या दिवशी कार्यक्रमात पाण्याचे आणि शाळेचे निघाले, आणि मला वाटले, हीच वेळ. मी तिच्यापुढे गेले, माईक धरला आणि तिचे नाव घेऊन, गल्लीसुद्धा सांगून म्हणाले, "वहिनी, तुमच्या मुलीचे सांगा ना."

तिने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी विसरणार नाही. मी मनात पाच आकडे मोजले, शिकवले होते तसे. आणि ती बोलली, सगळे बोलली. रडली नाही. कार्यक्रम संपल्यावर निवेदिकाताई म्हणाल्या, आजचे सर्वांत मोलाचे बोलणे ते. मीही घरी फुशारकीने सांगितले.

त्याच वेळी तिचे यजमान चहाच्या टपरीवर बसले होते आणि टपरीवाल्याने रेडिओ लावलेला होता. चार माणसांनी त्यांच्याकडे वळून पाहिले. एकाने म्हटले म्हणे, "काय राव, पोरीकडून पाणी भरून घेता आणि वर शाळा बंद?" त्यानंतर त्या घरात काय झाले ते मी सांगणार नाही, ते माझे सांगायचे नव्हे. एकदा न विचारता सांगून बसले तेवढे पुरे. इतकेच सांगते की चार महिने ती मंडळात आली नाही. मी दोनदा घरी गेले. एकदा दार उघडले नाही. दुसऱ्यांदा उघडले, पाणी दिले, आणि म्हणाली, "तुम्ही माईक घेऊन पुढे गेलात. मी घरी गेले." माझ्याजवळ उत्तर नव्हते.

छापलेला मजकूर निदान छापण्याआधी खोडता येतो. थेट कार्यक्रमात ती सोय नाही. मला हे कुणी सांगितले नव्हते असे नाही. निवेदिकाताईंनी सांगितले होते, पण मी ते पाहुण्यांसाठी आहे असे समजले.

आपल्या कार्यकारी बैठकीत यावर बरीच वादावादी झाली. काहींचे म्हणणे पडले की पुन्हा कार्यक्रमच नको, बायकांची घरे मोडायची आहेत का? काहींनी म्हटले, मग पाण्याचे कोण विचारणार? मला दोन्ही पटत होते, म्हणून मी गप्प बसले. शेवटी आपल्यातल्या सर्वांत वडील काकू म्हणाल्या, "प्रश्न कुणाचा ते कशाला सांगायला हवे? प्रश्न आपला सगळ्यांचा." त्यावरून चिठ्ठ्यांचे ठरले. इंग्लंडात बीबीसीचा असा एक चर्चेचा कार्यक्रम १९४८ पासून गावोगावच्या सभागृहांतून चालत आला आहे. तिथे श्रोते आपले प्रश्न आधी लिहून देतात आणि पाहुण्यांना ते आधी कळत नाहीत. निवेदिकाताईंनी हे सांगितले तेव्हा आपली चिठ्ठ्यांची कल्पना अगदीच खुळी नाही, असा धीर आला. तिथे विचारणाराच उठून आपला प्रश्न विचारतो. आपण तेवढे बदलले. चिठ्ठीवर नाव घालायचे नाही, आणि एकीची चिठ्ठी दुसरीने वाचायची. जिला लिहिता येत नाही तिने आपल्या विश्वासातल्या बाईकडून लिहून घ्यायची. आणि माईक जिने आपणहून हात वर केला तिच्याचपुढे धरायचा. हा शेवटचा नियम माझा, आणि तो मी हट्टाने लिहून घेतला.

आणखी एक ठरले, की कार्यक्रमाची पहिली दहा मिनिटे मागच्या खेपेचे काय झाले यालाच द्यायची. आपण विचारतो, साहेब "बघतो" म्हणतात, टाळ्या होतात आणि तिथेच सारे संपते. पुण्याच्या त्या मंडळांना उत्तर मिळे म्हणून ती पुन्हा लिहीत असणार, असे मला वाटते.

तिसरा कार्यक्रम श्रावणात झाला, २०२४ सालीच. पाणीखात्याचे साहेब आले नाहीत, निरोप आला की बैठक आहे. निवेदिकाताईंनी पहिल्या दहा मिनिटांत शांतपणे सांगितले की एप्रिलात पंधरा दिवसांचे आश्वासन मिळाले होते, आज ऑगस्ट आहे, पाणी अजून दोनलाच येते. एवढेच, वर एक शब्द नाही. पुढच्या महिन्यात आपल्या गल्लीची वेळ पहाटे पाचची झाली. मळ्याकडच्या बाजूला अजून दोनच आहेत, आणि तिकडच्या भगिनींनी मला रस्त्यात धरून विचारले आहे, तेव्हा हे काम पुरे झाले असे कुणी समजू नये.

त्या दिवशी चिठ्ठ्यांसाठी पेढ्यांचा रिकामा डबा ठेवला होता. बावीस चिठ्ठ्या निघाल्या. वाचायच्या आम्ही दोघी-तिघी. माझ्या वाट्याला आलेल्यांत एक वहीच्या पानाची, चार घड्या घातलेली होती. अक्षर मी ओळखले. मंडळाच्या भिशीच्या वहीत दर महिन्याला ते माझ्या नजरेखालून जात असे. त्या दिवशी ती आली होती, शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून.

मी माईक स्वतःच्या तोंडापासून वीतभर लांब धरला आणि वाचले, "नववीत शाळा सुटलेल्या मुलीला दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो का, आणि तो कुठे भरायचा?"

पाहुण्यांत मुख्याध्यापिकाबाई होत्या. त्यांनी सावकाश, लिहून घेता येईल असे सांगितले, की भरता येतो. तो खाजगी विद्यार्थ्यांसाठीचाच अर्ज आहे, बोर्डाच्या संकेतस्थळावर भरायचा असतो, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो लागतो, मुदत बोर्ड जाहीर करते ती चुकवायची नाही. अडले तर आमच्या शाळेत या, म्हणाल्या, कारकून भरून देतील. सगळ्या सभागृहात कुणी कुणाकडे पाहत होते, कुणी पेन शोधत होते. मी पुढची चिठ्ठी उघडली. शेवटच्या रांगेकडे मी पाहिले नाही.